सान पेद्रो हलला

लुदिंगच्या गॅरेजमध्ये स्वर्गाचा द्वारपाल राहायचा. त्याच्या एका बाजूला बंद पडलेला डीप फ्रीझर, दुसऱ्या बाजूला तांदळाची पोती, आणि मागे मिरवणुकीचा गाडा भिंतीला टेकवून उभा. सान पेद्रो, येशूचा पहिला चेला, पुरुषभर उंचीचा. अंग लाकडी, हातात चांदीच्या दोन किल्ल्या, पायाशी एक लाकडी कोंबडा. या गृहस्थाने आपल्या गुरूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं आणि कोंबडा आरवल्यावर ढसाढसा रडला, म्हणून तो कोंबडा. खांद्यावरचं डोकं मात्र हस्तिदंती. लुदिंगच्या खापरपणजोबांनी ते मनिलाहून बोटीने आणवलं होतं. तेव्हापासून संत त्या घरचा, आणि घर त्या संताचं.

लुदिंग साठी ओलांडलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि निवृत्त सुईण. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या दक्षिणेला नदीच्या मुखाशी वसलेल्या त्या गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना आयुष्यातली पहिली चापट तिने मारली होती. त्यामुळे पुढच्याही चापटींवर आपलाच हक्क आहे असं ती धरून चालायची. गावही तसंच धरून चालायचं.

यंदा सान पेद्रोच्या सणाच्या आधी शेजारच्या गावांत संतांची डोकी चोरीला जायला लागली. गावचे फादर वेन्सेस तीच बातमी घेऊन आले. म्हणजे ते लुदिंगच्या हातचे इबोस खायला आले होते, पण बातमी सोबत होतीच. इबोस म्हणजे नारळाच्या पात्यात गुंडाळून उकडलेला चिकट तांदूळ. फादर एका बैठकीत पाच-सहा सोलायचे आणि वर म्हणायचे, दुपारी मी फारसं खात नाही.

"मनांग, भर दुपारी नेलं हो डोकं," फादर म्हणाले. त्या गावांत थोरल्या बाईला मनांग म्हणतात, फादरही म्हणतात. "बाकी सगळा संत जागच्या जागी. नुसतं डोकं नाही."

"मग आता मिरवणुकीत काय धड फिरवणार?"

"सध्या शहाळं ठेवलंय म्हणे," लुदिंगचा धाकटा भाऊ तेर्यो दारातून म्हणाला. "वर टोपी घातलीय. लांबून कळत नाही."

तेर्यो बायको वारल्यापासून बहिणीकडेच राहायचा. झुंजीचे कोंबडे पाळणं हा त्याचा धंदा, छंद आणि धर्म. आत्ताही त्याच्या काखेत एक तांबडा कोंबडा होता आणि तो फादरकडे एका डोळ्याने बघत होता.

फादरनी हात पुसले. "मी काय म्हणतो, तुमचा सान पेद्रो चर्चमध्ये आणू या. आमच्याकडे लोखंडी दार आहे."

"फादर, तुमच्या त्या लोखंडी दारातून दानपेटी दोनदा गेली. पंखाही गेला."

"पंखा दुरुस्तीला गेलाय."

"तीन वर्षं? पंखा आहे का पाणबुडी?"

फादर लाल झाले. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की निदान बंदोबस्त तरी नीट करा, नाहीतर मला बिशपना लिहावं लागेल, आणि बिशप काही इबोस खाऊन परत जाणाऱ्यातले नाहीत.

तेव्हा लुदिंगने शहरातून माणूस बोलावला.

होवेन्सियो नावाचा तो माणूस स्कूटरवरून आला तेव्हापासून त्याची टकळी चालू होती. त्याने पिशवीतून साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या काढून टेबलावर मांडल्या. "मनांग, हे सेन्सर. दाराला, खिडकीला चिकटवायचे. तार नाही, खिळा नाही, भिंत फोडायची नाही. दार नुसतं थरथरलं तरी हिला कळतं. ही भोंग्याला सांगते, भोंगा गावाला सांगतो, आणि तुम्ही कुठेही असा, मोबाईल तुम्हाला सांगतो."

"म्हणजे शेजारच्या मेर्लिंदासारखंच," लुदिंग म्हणाली. "फक्त ही बॅटरीवर चालते."

तेर्योला हे काही आवडलं नाही. "ज्याच्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या, त्याच्या दाराला आपण भोंगा लावायचा? वर हसत असतील सगळे. यंत्र लावणं म्हणजे संताचा अपमान आहे, मनांग."

तेर्योला संताच्या अपमानाची काळजी वाटलेली लुदिंगने आजवर पाहिली नव्हती. तिच्या मनात काहीतरी खटकलं, पण होवेन्सियो शिडी मागत होता म्हणून ते तिथंच राहिलं.

शटरला एक डबी लागली, गॅरेजच्या खिडक्यांना दोन, मागच्या दाराला एक. प्रत्येक डबीचं नाव मोबाईलमध्ये घालायचं, म्हणजे कुठलं दार हललं ते मोबाईल बाईच्या आवाजात बोलून दाखवतो. तेर्यो फणफणत कोंबड्यांना दाणे टाकायला मागे निघून गेला, आणि एक डबी शिल्लक राहिली.

"ही कशाला लावू?" होवेन्सियोने विचारलं.

लुदिंगने संताकडे बघितलं. "यालाच लाव. झग्याखाली, कमरेला."

होवेन्सियोची टकळी पहिल्यांदाच थांबली. त्याने छातीवर क्रूस काढला. "मनांग, संताचा झगा मी वर करायचा?"

"सरक बाजूला. माझी सगळी नोकरी त्यातच गेलीय." आणि लुदिंगने सान पेद्रोचा जरीचा झगा वर करून, एखाद्या बाळंतिणीला धीर द्यावा तसं काहीतरी पुटपुटत, डबी त्याच्या पाठीला चिकटवली.

पुढचा आठवडाभर गावाला झोप म्हणून मिळाली नाही, दुपारचीसुद्धा नाही. मेर्लिंदाच्या अंगणात गाण्याचं यंत्र होतं. ती माईक धरून वरचा सूर लावायला लागली की खिडकीची तावदानं थरथरायची आणि लुदिंगचा भोंगा तिला साथ द्यायचा. मागच्या दारावर घोरपडीएवढी पाल धपकन पडली, भोंगा. फणस पडला, भोंगा. पहिल्या खेपेला गावरक्षक दंडुका घेऊन धावत आला, दुसऱ्या खेपेला दंडुक्याशिवाय, आणि तिसऱ्या खेपेला खुर्ची घेऊन, की आता कॉफी मिळेपर्यंत बसतोच.

"मनांग, माझ्या गाण्याला चोर म्हणतं तुमचं यंत्र!" मेर्लिंदा कुंपणावरून ओरडली.

"त्याला कान नाहीत, अक्कल आहे," लुदिंग म्हणाली. पण संध्याकाळी तिने होवेन्सियोला फोन करून विचारलं आणि डब्यांच्या मागचा स्क्रू थोडा फिरवून त्यांचं तिखटपण कमी केलं. मग जरा शांत झालं.

रविवार आला. लुदिंग चर्चमध्ये मिस्सेला पुढच्या बाकावर बसायची, कारण मागून प्रवचन ऐकू येत नाही, आणि पुढून फादरला आपला चेहरा दिसतो. फादर सणाच्या वर्गणीवर बोलत होते. लुदिंगच्या गळ्यात शटरची किल्ली, मांडीवर पर्स, पर्समध्ये मोबाईल. मोबाईल बंद करायचं ती विसरली होती.

"सान पेद्रो हलला," पर्समधून एक बाई स्पष्ट आणि गोड आवाजात म्हणाली.

फादर थांबले. 

"सान पेद्रो हलला," बाई पुन्हा म्हणाली. "सान पेद्रो हलला."

मागच्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं, "चमत्कार!" मग काय विचारता. म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसल्या, तरुण उठून उभे राहिले, कुणीतरी घंटाच वाजवली. लुदिंगला मात्र चमत्कार वगैरे काही सुचलं नाही. तिला डोळ्यांसमोर शहाळं दिसलं, वर टोपी घातलेलं. ती उठली आणि बाकांमधून वाट काढत धावत सुटली. तिच्यामागे निम्मं गाव निघालं, आणि सगळ्यांच्या मागून हिरवा झगा सावरत फादर.

घरी भोंगा कोकलत होता. गॅरेजची मागची खिडकी सताड उघडी, तिच्या डबीची बॅटरी काढलेली. लुदिंगने कुलूप काढलं, शटर कमरेएवढं वर केलं आणि वाकून आत घुसली.

आत तेर्यो उभा होता. आणि सान पेद्रोच्या डोक्यावर, हो डोक्यावरच, तो तांबडा कोंबडा पंख फडफडवत भोंग्याहून मोठ्याने ओरडत होता.

"मनांग, मी फक्त आशीर्वाद घ्यायला..." तेर्योने हात पुढे केला. कोंबड्याने शेवटचा फडका मारून उडी घेतली, आणि त्याच्या पायांसोबत सान पेद्रोचं डोकं मानेवरून निसटलं. ते आधी तांदळाच्या पोत्यावर आदळलं, तिथून घरंगळत फरशीवर गेलं आणि लुदिंगच्या चपलेशी येऊन थांबलं.

बाहेर पावलांचा लोंढा येत होता. लुदिंगने मागे हात घालून शटर खाडकन खाली ओढलं आणि वर पाय देऊन उभी राहिली. तेर्योने भोंग्याची पेटी उचलून तांदळाच्या पोत्यात खोल खुपसली. भोंगा तांदळात गुरगुरत राहिला.

मग लुदिंगने वाकून डोकं उचललं.

आयुष्यात हजारो डोकी तिने हातांत झेलली होती. डोक्याचं वजन तिला डोळे मिटून कळायचं. हे डोकं तिने जन्मभर फडक्याने पुसलं होतं, पण हातात कधी घेतलं नव्हतं, कारण संताचं डोकं कोण काढतं? आता हातात घेताक्षणी तिला कळलं. कानाचा टवका उडाला होता आणि आत पांढरी भुकटी दिसत होती. मानेच्या पोकळीत शहरातल्या मूर्तिकाराचा शिक्का होता.

"प्लॅस्टर," ती म्हणाली.

तेर्योने शिक्क्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला माहीत होतं!"

"हळू, मनांग. बाहेर लोक आहेत."

"बाहेर लोक आहेत म्हणूनच तू अजून जिवंत आहेस. बोल."

तेर्यो बोलला. एका वर्षी मोठ्या वादळात घराचं छप्पर उडून नदीत गेलं होतं. लुदिंग तेव्हा पलावानच्या एका बेटावर दवाखान्यात पहिल्या नोकरीवर. घरात आई, म्हणजे त्यांची नानाय, शाळकरी तेर्यो आणि पावसात भिजणारा सान पेद्रो. आईने एक दिवस डोकं टॉवेलमध्ये गुंडाळलं, आइस्क्रीमच्या डब्यात ठेवलं आणि तेर्योला घेऊन बसने शहरात गेली. येताना तोच डबा, तोच टॉवेल, पण आत हे.

"मी रडायला लागलो," तेर्यो म्हणाला. "नानाय म्हणाली, रडतोस काय? डोकं गेलं पण डोक्यावर छप्पर आलं. म्हणाली, पेद्रो कोळी होता, वादळ म्हणजे काय ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि म्हणाली, लुदिंगला सांगू नकोस, ती इतकी बोंबलेल की नवं छप्परही उडेल."

लुदिंगने वर बघितलं. पत्रे अजून धड होते. "सगळे पैसे छपरातच गेले?"

"नाही. हा फ्रीझर पण."

लुदिंगने त्या बंद पडलेल्या फ्रीझरकडे बघितलं. हस्तिदंताच्या बदल्यात आलेला. त्यात आई बर्फाच्या कांड्या करून विकायची आणि लुदिंग सुट्टीवर आली की तिलाच पहिली कांडी द्यायची, काळ्या तांदळाची, नारळाच्या दुधातली. आपण काय चोखत होतो ते तिला आत्ता कळलं. राग इतका आला होता की हसू फुटलं. ते दाबायला गेली तर डोळ्यांतून पाणी आलं. तेर्यो घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

"मनांग लुदिंग!" बाहेरून फादर शटर बडवत होते. "आत काय चाललंय? संत ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत!" लुदिंग ओरडली. "कपडे बदलताहेत!"

तेर्योच्या कमरेच्या पिशवीत कोंबड्याच्या पायाला पातं बांधायची लाल चिकटपट्टी होती. पातं असं बांधायचं की झुंजीत सुटता कामा नये. त्या कामात तेर्योचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्याने डोकं मानेवर बसवलं, पट्टीचे वेढे घेतले, आणि लुदिंगने वरून जाळीची कॉलर नीट ओढली. टवका गेलेला कान भिंतीकडे वळवला. सान पेद्रो पूर्वीपेक्षा किंचित तिरका, म्हणजे कुणाची तरी चहाडी ऐकत असल्यासारखा दिसायला लागला.

"आता?" तेर्यो म्हणाला. "फादर आता ऐकायचे नाहीत. संत उचलून नेणार. तिकडे नेला की बिशपचे लोक येणार, मोजणार, फोटो काढणार, हस्तिदंताला काडी लावून बघणार..."

लुदिंग विचार करत उभी होती. मग तिने शटर गुडघ्याएवढं उचललं. "फादर एकटे आत या. बाकी कुणी नाही."

फादर हातापायांवर रांगत आत आले. हिरव्या झग्याला ग्रीस लागलं. ते उभे राहून संताकडे बघणार तोच लुदिंग त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"फादर, मला पापकबुली द्यायची आहे. आत्ता. इथंच."

"आत्ता? मिस्सा अर्धी राहिलीय, मनांग!"

"मरणाऱ्याला तुम्ही नाही म्हणता का?"

"तुम्ही मरताय?"

"लाजेने."

पापकबुली मागितली तर पाद्र्याला नाही म्हणता येत नाही. फादरनी तेर्योला खूण केली. तेर्यो कोंबडा काखेत मारून खिडकीतून बाहेर गेला, आणि बाहेर लोकांनी कोंबड्याचंच जोरदार स्वागत केलेलं आतपर्यंत ऐकू आलं. फादर तांदळाच्या पोत्यावर बसले. पोतं गुरगुरलं. ते दचकून दुसऱ्या पोत्यावर बसले.

लुदिंगने सगळं सांगितलं. डोकं, वादळ, डबा, फ्रीझर. फादर आधी डोळे मिटून ऐकत होते, मग त्यांचे डोळे उघडले, आणि मग ते ताडकन उठले.

"मनांग! हे तुम्ही मला कबुलीत का सांगितलंत? आता मला कुणाला सांगता येणार नाही. बिशपनासुद्धा नाही!"

"असं का?" लुदिंग म्हणाली. "मला कुठं एवढं शास्त्र कळतं."

"आणि पाप तुमचं नाहीच. आईचं आहे."

"मला वारसाने आलंय. घरासकट."

फादर तिच्याकडे बघत राहिले. आपण जाळ्यात सापडलोय आणि जाळं कोळी संताच्या घरचं आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. ते पुन्हा पोत्यावर बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. लुदिंगला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"मी तुमचा संत का मागत होतो, ठाऊक आहे?" शेवटी ते म्हणाले. "आमच्या वेदीवरचे तिघंही फायबरचे आहेत. मी इथं बदलून आलो तेव्हाच होते. आधी कुणी, कधी, कशासाठी विकले, देव जाणे. वाटलं, गावात एक तरी खरा आहे, तो आपल्या छपराखाली असावा."

दोघांनी सान पेद्रोकडे बघितलं.

"रंग छान दिलाय," फादर म्हणाले.

"प्रायश्चित्त सांगा, फादर. लोक शटर तोडतील."

फादरनी विचार केला. "भोंग्याचा आवाज कमी करा. आणि कोंबडे संताच्या डोक्यावर नकोत."

"पायाशी?"

"पायाशी एक आहेच. त्याला सोबत होईल."

शटर वर गेलं. बाहेर निम्मं गाव, आणि सगळ्यांच्या ओठांवर एकच प्रश्न. "फादर, हलला का? खरंच हलला?"

फादर वेन्सेस खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी संताकडे बघितलं, लुदिंगकडे बघितलं. "हलला," ते म्हणाले. "सान पेद्रो हलला. मी स्वतः खात्री करून घेतली."

त्या दिवसापासून गॅरेजपुढे मेणबत्त्यांची रांग लागली. मेर्लिंदाने स्वतःहून गाणं बंद केलं आणि मेणबत्त्या विकायला घेतल्या. तेर्योचा तांबडा कोंबडा त्याच दुपारी पहिल्याच झटक्यात झुंज जिंकला, त्यामुळे कोंबडेवाल्यांची रांग वेगळी. संत आता मान तिरकी करून आपलं ऐकतो, असंही लोक म्हणायला लागले.

लुदिंग मात्र दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये फिरकली नाही. तिला सान पेद्रोचा राग नव्हता, त्या बिचाऱ्याचं काय? राग आईचा होता. आणि आईवर रागवायचं तर ती मेलेली. नोकरी सुटली त्या दिवशी, तेर्योची बायको गेली त्या दिवशी, ती या चेहऱ्यापुढेच येऊन बसली होती. तो चेहरा एका आइस्क्रीमच्या डब्यातून आला होता. पण शेवटी धूळ काही कुणाच्या रागाला थांबत नाही. चौथ्या दिवशी ती फडकं घेऊन आली, आणि नेहमीसारखं कपाळापासून पुसायला सुरुवात केली.

सणाच्या आधीच्या बुधवारी, दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, इस्त्रीच्या शर्टातले दोन पाहुणे गाडीतून आले. लुदिंग मेर्लिंदाच्या ओट्यावर माहजाँग खेळत होती. हातात डाव चांगला होता. पर्समधली बाई म्हणाली, "मागची खिडकी हलली." आणि लगेच, "सान पेद्रो हलला."

भोंगा वाजला. आवाज कमी करायचं प्रायश्चित्त लुदिंगने अजून केलं नव्हतं, हे बरंच झालं. पण लोक धावले ते चोर धरायला नाही; लोक मेणबत्त्या घेऊन धावले. एवढ्या मेणबत्त्या येताना बघून गाडीतला पाहुणा गाडी घेऊन पळाला. दुसरा खिडकीतून बाहेर पडता पडता कमरेपाशी अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. लुदिंगला ती अवस्था चांगली ओळखीची होती.

"ओढू नका," ती म्हणाली. "खांदा वळवा. आता जोर लाव, बाळा."

तो बाहेर आला. चाळिशीचा, गोरटेला, किरिनो नावाचा, शहरातला. हातात डोकं नव्हतं. नखात पांढरी भुकटी होती.

"सोडा मला!" तो ओरडला. "मी काही घेतलं नाही! प्लॅस्टर आहे ते! नुसतं प्लॅस्टर! प्लॅस्टर चोरायला मी वेडा आहे का?"

 मग गावाने त्याला धरलं. चोरीबद्दल दोन पडल्या असत्या, पण संताला प्लॅस्टर म्हटल्याबद्दल जो तो हात साफ करून घ्यायला लागला. गावरक्षकाने आज दंडुका आणला होता.

"फादर!" किरिनोने धावत आलेल्या फादरचा झगा धरला. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही बघा ना एकदा! सांगा यांना!"

फादरनी गॅरेजच्या छपराकडे बघितलं. पत्रा बघितला. खिळे बघितले. "मी काहीही सांगू शकत नाही," ते म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडून इतक्या कळवळून आलं की लोकांना वाटलं फादर दुःखाने बोलेनासे झालेत.

"मनांग, तुम्ही! तुमच्या घरचा आहे. तुम्ही सांगा, हस्तिदंत आहे का तो?"

"हस्तिदंतच आहे," लुदिंग म्हणाली.

"नीट आठवून सांगा हो!"

"सांगितलं ना. हस्तिदंत."

किरिनोच्या ओठातून रक्त येत होतं. तो तिसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात तेर्यो तिच्या कानाशी वाकला. "मनांग, दोनदा झालं. आता पुन्हा म्हणू नकोस. मागे अंगणात नऊ कोंबडे आहेत."

लुदिंगने भावाकडे बघितलं. मग ती गर्दीत घुसली आणि समोर आलेल्या पहिल्या माणसाला, जो गावरक्षक होता, सणसणीत चापट मारली. "बस! पुरे! मी तुला जिवंत बाहेर काढला तो काय धरलेल्या माणसाला मारायला? पोलिसांना बोलवा. आणि याला पाणी द्या."

गावाने हात खाली घेतले. सवयच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुदिंग पोलीस चौकीत गेली. पुढच्या टेबलावरचा हवालदार तिच्या हातचाच होता, पायाळू. त्याने काही न विचारता कोठडीकडे बोट केलं. किरिनो भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजलेला. लुदिंगने गजांतून पिशवी आत सरकवली. त्यात इबोस होते, आणि जरा पिवळी साखर.

तो भुकेला होता. दोन इबोस संपेपर्यंत बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मनांग, मी चोर आहे. पंधरा वर्षं हाच धंदा. खोटं मला हाताला कळतं. शिक्षा होईल ती होऊ दे, पण काल मला वाटायला लागलं की मला वेडच लागलंय. एकदा सांगा. कुणाला बोलणार नाही."

लुदिंगने मागे बघितलं. हवालदार मोबाईलवर कोंबड्यांची झुंज बघत होता.

"प्लॅस्टर," ती म्हणाली.

किरिनो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. तोंडात भात होता, ओठ फाटलेला होता, तरी तो पोट धरून हसत होता, आणि लुदिंगलाही ते आवरेना. हवालदाराने मान वळवून बघितलं आणि पुन्हा झुंजीत घातली.

"पण काम फर्स्टक्लास आहे," किरिनो डोळे पुसत म्हणाला. "गालांचा रंग बघितलात? मी आत गेलो, समोर उभा राहिलो, आणि मलासुद्धा खराच वाटला. नख लावेपर्यंत कळलं नाही. ज्याने निवडलं त्याला नजर होती हो."

"माझ्या आईने निवडलं होतं," लुदिंग म्हणाली, आणि आणखी एक इबोस सोलून त्याच्या हातात दिला.